मेलिंग लिस्टच्या हेडरमध्ये भलतंच होस्टनेम: कोणती ओळ कोण लिहितं आणि ती कुठे दुरुस्त करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेची सभासदांची मेलिंग लिस्ट जुन्या सर्व्हरवर मेलमन २.१ या मेलिंग लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालत होती. ती आता अमेझॉनच्या मुंबई रीजनमधल्या नव्या मशीनवर आणली आहे. तिथे डेबियन लिनक्स, मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स आणि मेलमन ३ आहे. तेव्हापासून लिस्टच्या मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या तांत्रिक ओळींत, कुठे ‘लोकलहोस्ट.लोकलडोमेन’ दिसतं, कुठे ‘आयपी-१७२-३१’ने सुरू होणारं मशीनचं आतलं नाव. पोस्टफिक्समधलं मायहोस्टनेम हे सेटिंग बदललं तेव्हा काही ओळी सुधारल्या, काही ढिम्म हलल्या नाहीत. नवं खातं उघडणाऱ्याला जो मेल जातो त्यात चक्क एक्झाम्पल.कॉम येतं. जीमेलवाल्यांचे मेल स्पॅममध्ये पडतात. आणि ज्या पदाधिकाऱ्यांचे पत्ते संस्थेच्याच डोमेनवर आहेत, त्यांना लिस्टचे मेल येणंच बंद झालं आहे.

तक्रारी पाच असल्या तरी घोळ एकच आहे. सर्व्हरचं होस्टनेम एकच असतं आणि ते एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं, असं तुम्ही धरून चालला आहात. प्रत्यक्षात एका मेलच्या हेडरमध्ये तीन-चार प्रोग्राम आपापल्या ओळी घालतात आणि प्रत्येकजण नाव वेगळ्या ठिकाणाहून उचलतो. त्यामुळे आधी ओळ कुणाची आहे ते ओळखायचं, मग तो प्रोग्राम नाव कुठून घेतो तिथे जाऊन दुरुस्ती करायची. सरसकट शोधा-आणि-बदला केलंत तर नवे घोळ होतील. पाचवी तक्रार, म्हणजे पदाधिकाऱ्यांचे मेल बंद होणं, मला वाटतं अशाच दुरुस्तीतून आलेली आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

खाली एक्झाम्पल.ऑर्ग हे डोमेन धरलंय, कारण ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे. सेटिंगांची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, फाइलीत अर्थातच ती रोमन लिपीत जातील.

आधी कागदावर चार नावं ठरवा. एक, मशीनचं नाव: मेल१.एक्झाम्पल.ऑर्ग. दुसऱ्या सर्व्हरला फोन लावल्यावर तुमचा सर्व्हर हेच नाव सांगतो. दोन, लिस्टचं मेल डोमेन, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणारं: लिस्ट्स.एक्झाम्पल.ऑर्ग. तीन, लिस्टची वेबसाइट ज्या नावावर उघडते ते. हे दुसऱ्यासारखंच असू शकतं आणि बहुधा तसंच ठेवणं सोयीचं पडतं. चार, संस्थेचं मूळ डोमेन, एक्झाम्पल.ऑर्ग, ज्याचे ऑफिसचे मेल बहुतेक ठिकाणी गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्टकडे असतात. ही चारही एकच करून टाकायचा मोह होतो. करू नका. विशेषतः चौथं नाव मेलिंग लिस्टच्या मशीनला कधीही देऊ नका.

आता हेडर. जीमेलमध्ये लिस्टचा एखादा मेल उघडून ‘शो ओरिजिनल’ करा आणि रिसीव्ह्डच्या ओळी खालून वर वाचा, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चिकटवत जातो. आपल्या कामाच्या दोन ओळी साधारण अशा असतात:

रिसीव्ह्ड: फ्रॉम मेल१.एक्झाम्पल.ऑर्ग (मेल१.एक्झाम्पल.ऑर्ग. [२०३.०.११३.२५]) बाय एमएक्स.गूगल.कॉम

रिसीव्ह्ड: फ्रॉम लोकलहोस्ट.लोकलडोमेन (लोकलहोस्ट [१२७.०.०.१]) बाय मेल१.एक्झाम्पल.ऑर्ग (पोस्टफिक्स)

पहिली ओळ गूगलने लिहिली आहे. ‘फ्रॉम’नंतर लगेच येणारं नाव म्हणजे तुमच्या सर्व्हरने हेलो म्हणताना स्वतःचं सांगितलेलं नाव. कंसातलं नाव गूगलने तुमच्या आयपी पत्त्यावरून डीएनएसमध्ये (इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या वहीत) उलटं शोधून काढलेलं. म्हणजे आधी तुमचा दावा, मग त्याची पडताळणी. कंसात नाव न येता नुसता आयपी आला, तर तुमचा पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी डीएनएसमधली नोंद, नाही. दोन नावं वेगळी असली तर ती जुळवायची आहेत. स्पॅमच्या तक्रारीचं निम्मं उत्तर याच ओळीत मिळतं.

दुसरी ओळ तुमच्याच पोस्टफिक्सने लिहिली आहे. मेलमनने तयार झालेलं पत्र लोकलहोस्टवरच्या (त्याच मशीनवरच्या) पोस्टफिक्सला एसएमटीपीने, म्हणजे मेल देण्याघेण्याच्या ठरलेल्या भाषेत, दिलं, तेव्हाची ही नोंद. ‘बाय’नंतरचं नाव मायहोस्टनेममधून आलंय, आणि तुम्ही ते बदलल्यामुळे सुधारलंय. पण ‘फ्रॉम’नंतरचं ‘लोकलहोस्ट.लोकलडोमेन’ पोस्टफिक्सचं नाहीच. ते मेलमनने सांगितलं. मेलमन पायथनमध्ये लिहिलेलं आहे, आणि पायथनची एसएमटीपी लायब्ररी हेलोमध्ये काय सांगायचं ते सॉकेट मॉड्यूलच्या गेटएफक्यूडीएन या फंक्शनला विचारते. पोस्टफिक्सच्या मेन.सीएफ या सेटिंग फाइलीशी त्या फंक्शनचा काडीचाही संबंध नाही. म्हणूनच तुम्ही मायहोस्टनेम कितीही वेळा बदललंत तरी ही ओळ हलली नाही.

गेटएफक्यूडीएन काय करतं? मशीनचं नाव घेतं, ते नाव ज्या पत्त्याला लागलंय त्याची सगळी नावं काढतं आणि त्यातलं टिंब असलेलं पहिलं नाव उचलतं. व्यवहारात ही माहिती इटीसी फोल्डरमधल्या होस्ट्स फाइलीतून येते. अनेक मशीनवर कुणीतरी १२७.०.०.१ च्या ओळीच्या शेवटी मशीनचं छोटं नाव जोडून दिलेलं असतं: आधी लोकलहोस्ट.लोकलडोमेन, मग लोकलहोस्ट, मग मेल१. त्या ओळीत टिंब असलेलं पहिलं नाव लोकलहोस्ट.लोकलडोमेन हेच असल्यामुळे पायथन तेच घेऊन जातं. दुरुस्ती सोपी आहे. १२७.०.०.१ च्या ओळीवर फक्त लोकलहोस्ट ठेवा. डेबियनच्या पद्धतीप्रमाणे खाली वेगळी ओळ करा: १२७.०.१.१, मग मेल१.एक्झाम्पल.ऑर्ग, मग मेल१. क्रम महत्त्वाचा आहे, पूर्ण नाव आधी आणि छोटं नंतर. त्यानंतर ‘होस्टनेम -एफ’ चालवून पाहा, आणि पायथनमध्ये गेटएफक्यूडीएन प्रत्यक्ष विचारून पाहा. दोन्हीकडे एकच पूर्ण नाव यायला हवं.

क्लाउड मशीनवर इथे एक मेख आहे. तुम्ही सगळं नीट करता, आठवडाभर छान चालतं, मग कर्नल अपडेटसाठी मशीन रीबूट होतं आणि आतलं नाव परत उगवतं. हे क्लाउड-इनिटचं, म्हणजे क्लाउड मशीन सुरू होताना तिची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामचं, काम. ते बूटच्या वेळी होस्टनेम पुन्हा बसवतं, आणि मॅनेज_इटीसी_होस्ट्स चालू असेल तर होस्ट्स फाइलही टेम्प्लेटवरून नव्याने लिहितं. क्लाउड.सीएफजीमध्ये प्रिझर्व्ह_होस्टनेम ट्रू करा आणि मॅनेज_इटीसी_होस्ट्स फॉल्स करा. मुंबई रीजनमध्ये ते आतलं नाव ‘एपी-साउथ-१.कम्प्यूट.इंटर्नल’ने संपतं. हेडरमध्ये ही अक्षरं दिसली की डोळे झाकून क्लाउड-इनिटकडे जायचं.

मेलमन डॉकरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये), चालवत असाल तर होस्ट मशीनवरची होस्ट्स फाइल सुधारून काही होणार नाही. कंटेनरला स्वतःचं नाव असतं आणि ते डिफॉल्टने बारा अक्षरांचं आयडी असतं. त्यात टिंब नसल्यामुळे पायथन नाव सोडून चौकोनी कंसात आयपी पाठवतं. कंपोझ फाइलीत त्या सर्व्हिसला होस्टनेम द्यायचं आणि कंटेनर नव्याने उभा करायचा.

आता पोस्टफिक्स. मायहोस्टनेम स्वतः लिहा, त्याला अंदाज करायला लावू नका. मेन.सीएफमध्ये मायहोस्टनेम म्हणजे मेल१.एक्झाम्पल.ऑर्ग. एसएमटीपी_हेलो_नेम आणि बॅनर डिफॉल्टने याच नावावरून बनतात, त्यांना वेगळं लिहायची गरज नाही. मायओरिजिन म्हणजे @ नसलेल्या पत्त्याला मागे काय जोडायचं ते. क्रॉनचा, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचा, रिपोर्ट ‘रूट’ला जातो तेव्हा हे लागू होतं. डेबियनवर ते इटीसीमधल्या मेलनेम फाइलीतून येतं, आणि अनेकांना ही फाइल आहे हेच ठाऊक नसतं. मी तिथेही मशीनचंच नाव ठेवतो आणि रूटचे मेल एलियासमधून खऱ्या माणसाच्या पत्त्यावर पाठवतो.

मायडेस्टिनेशनकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण पदाधिकाऱ्यांचे मेल बहुधा इथेच अडकलेत. मायडेस्टिनेशन म्हणजे ‘या डोमेनचे मेल माझेच, बाहेर पाठवायचे नाहीत’ अशी पोस्टफिक्सची यादी. डिफॉल्टने त्यात मायहोस्टनेम असतं. डेबियनवर पोस्टफिक्स बसवताना ‘सिस्टिम मेल नेम’ विचारणारा निळा पडदा येतो. माणूस सहज तिथे एक्झाम्पल.ऑर्ग टाइप करतो, आणि ते मेलनेममध्ये जातं तसं मायडेस्टिनेशनमध्येही जाऊन बसतं. हेडरमध्ये संस्थेचं नाव स्वच्छ दिसावं म्हणून मायहोस्टनेम थेट एक्झाम्पल.ऑर्ग केलंत तरी हाच परिणाम.

मग काय होतं ते पाहा. मेलमन पोस्टफिक्सला सांगतो, हे पत्र कार्यालय@एक्झाम्पल.ऑर्गला द्या. पोस्टफिक्स यादी पाहतो, म्हणतो हे तर माझंच डोमेन, आणि या मशीनवर ‘कार्यालय’ नावाचा युनिक्स युजर शोधतो. तो नसतोच, कारण खरा मेलबॉक्स गूगलकडे आहे. उत्तर मिळतं: ५५०, ‘युझर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल’. एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे त्या डोमेनचे मेल कुठे द्यायचे ही डीएनएसमधली नोंद, पाहण्याची वेळच येत नाही. बाहेरच्या सगळ्यांना मेल मिळतात, फक्त संस्थेच्या आतल्या लोकांना नाही, आणि आतले लोक गूगलला दोष देत बसतात.

प्रकरण इथेच थांबत नाही. मेलमनच्या दृष्टीने हे पत्ते बाउन्स झाले, म्हणजे तिथून मेल परत आले. बाउन्स प्रोसेसिंग चालू असेल तर त्या सभासदांचा स्कोअर वाढत जातो, आणि डिफॉल्ट मर्यादा, म्हणजे ५, गाठली की त्यांची डिलिव्हरी बंद होते. त्यामुळे मायडेस्टिनेशनमधून एक्झाम्पल.ऑर्ग काढल्यावरही ‘अजून मेल येत नाहीत’ असे फोन येतील. सभासदांच्या यादीत जाऊन बंद पडलेली डिलिव्हरी पुन्हा चालू करावी लागेल. ही दुसरी पायरी बहुतेकजण विसरतात.

मायडेस्टिनेशनमध्ये माझ्याकडे तीनच गोष्टी असतात: मायहोस्टनेम, लोकलहोस्ट.मायडोमेन आणि लोकलहोस्ट. लिस्ट्स.एक्झाम्पल.ऑर्ग तिथे नसतं. मेलमन ३ स्वतःच दोन फाइली तयार करतो, पोस्टफिक्स_एलएमटीपी आणि पोस्टफिक्स_डोमेन्स. पहिली ट्रान्सपोर्ट_मॅप्सला आणि लोकल_रेसिपियंट_मॅप्सला द्यायची, दुसरी रिले_डोमेन्सला. मग लिस्टला आलेलं पत्र एलएमटीपी या एसएमटीपीच्या स्थानिक भावंडाने पोर्ट ८०२४ वरच्या मेलमनकडे जातं. सोबत ओनर_रिक्वेस्ट_स्पेशल नो आणि रेसिपियंट_डिलिमिटर अधिक चिन्ह, एवढं करून पुढे जा.

पोस्टफिक्सऐवजी एक्झिम असेल तर मायहोस्टनेमच्या जागी प्रायमरी_होस्टनेम आणि मायओरिजिनच्या जागी क्वालिफाय_डोमेन. सेंडमेल आता क्वचितच भेटतो, पण ‘माय अनक्वालिफाइड होस्टनेम अननोन, स्लीपिंग फॉर रीट्राय’ असं लॉगमध्ये येऊन तो बूटला अडत असेल, तर कारण वर सांगितलेली होस्ट्स फाइलच.

मेलमन ३ मध्ये लिस्टच्या हेडरांचं नाव मेन.सीएफमधून येत नाही आणि मेलमन.सीएफजीमधूनही नाही. पोस्टोरियसमध्ये, म्हणजे मेलमनच्या वेब पॅनेलमध्ये, डोमेन तयार करताना तुम्ही जो ‘मेल होस्ट’ लिहिता, त्यावरून लिस्ट-पोस्ट, लिस्ट-हेल्प, लिस्ट-अनसबस्क्राइब, सेंडर हे सगळं बनतं. पाकिटावरचा पाठवणारा, म्हणजे सभासद-बाउन्सेस@लिस्ट्स.एक्झाम्पल.ऑर्ग, हाही तिथूनच. मेलमन.सीएफजीमध्ये साइट_ओनर तेवढा बघा. डिफॉल्ट ‘चेंजमी@एक्झाम्पल.कॉम’ आहे आणि तो तसाच राहिलेले सर्व्हर मी अजूनही पाहतो.

खातं उघडण्याच्या मेलमधलं एक्झाम्पल.कॉम मात्र वेगळ्याच घरातून येतंय. ते मेल मेलमन पाठवत नाही. ते जँगो पाठवतं, म्हणजे पायथनमधली वेब चौकट, जिच्यावर पोस्टोरियस आणि हायपरकिटी (जुन्या पत्रांचा संग्रह) उभे आहेत. जँगोच्या डेटाबेसमध्ये पहिल्या दिवसापासून एक ‘साइट’ तयार असते आणि तिचं नाव एक्झाम्पल.कॉम असतं. जँगोच्या अ‍ॅडमिनमध्ये ‘साइट्स’ उघडा. तिथे दोन रकाने आहेत, डोमेन नेम आणि डिस्प्ले नेम. लोक पहिला बदलतात आणि दुसरा तसाच सोडतात. मग लिंक बरोबर येते, पण विषयाच्या ओळीत चौकोनी कंसात [एक्झाम्पल.कॉम] येतच राहतं, कारण विषयात डिस्प्ले नेम वापरलं जातं. दोन्ही बदला. मग पोस्टोरियसमध्ये तुमच्या मेल डोमेनला ही साइट ‘वेब होस्ट’ म्हणून जोडली आहे ना, ते पाहा.

शिवाय जँगोच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट_फ्रॉम_ईमेल आणि सर्व्हर_ईमेल. तुम्ही काही लिहिलं नाही तर जँगोचे डिफॉल्ट वेबमास्टर@लोकलहोस्ट आणि रूट@लोकलहोस्ट असे आहेत. असा ‘फ्रॉम’ घेऊन गेलेला मेल कुणी स्पॅममध्ये टाकला तर त्याला बोल लावता येणार नाही. आणि मेसेज-आयडी: जँगोच्या मेलमधला मेसेज-आयडी @ नंतरचं नाव परत त्या गेटएफक्यूडीएनकडूनच घेतो, आणि एकदा विचारलेलं नाव प्रोसेस बंद होईपर्यंत लक्षात ठेवतो. म्हणजे होस्ट्स फाइल सुधारल्यावर पोस्टफिक्स रीलोड करून भागणार नाही. मेलमन कोअर, जँगोची वेब सर्व्हिस आणि क्यूक्लस्टर (मागे चालणारी कामं करणारा तिचा प्रोग्राम), तिन्ही रीस्टार्ट करा. ‘सगळं बदललं तरी मेसेज-आयडीत जुनंच नाव’ ही तक्रार बहुतेक वेळा रीस्टार्ट न केल्याची असते.

ज्यांच्याकडे अजून मेलमन २.१ आहे त्यांच्यासाठी थोडंसं, कारण सीपॅनेल या होस्टिंग पॅनेलच्या कृपेने ते बरेच आहेत. एमएम_सीएफजी या सेटिंग फाइलीत डिफॉल्ट_ईमेल_होस्ट आणि डिफॉल्ट_यूआरएल_होस्ट बदलल्यावर त्यांच्या खाली अ‍ॅड_व्हर्च्युअलहोस्टची ओळ पुन्हा लिहावी लागते, कारण डिफॉल्ट्स फाइलने ती जुन्या नावांनी आधीच चालवलेली असते. आणि हे बदल फक्त नव्या लिस्टना लागू होतात. जुन्या लिस्टचं होस्ट_नेम आणि वेब पत्ता त्या-त्या लिस्टच्या कॉन्फिग.पीसीके फाइलीत गोठलेले असतात. विथलिस्ट या मेलमनच्या कमांडमधून फिक्स_यूआरएल प्रत्येक लिस्टवर चालवायचं.

इथे एक पथ्य पाळा. लिस्ट-आयडी, म्हणजे हेडरमधली लिस्टची ओळख. २००१ साली आलेल्या आरएफसी २९१९ या इंटरनेट मानकात या हेडरची कल्पनाच अशी आहे की लिस्ट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेली तरी आयडी तोच राहावा. लोकांचे फिल्टर याच ओळीवर बेतलेले असतात. मेलमन २.१ मध्ये लिस्ट-आयडी होस्ट_नेमवरून बनतो, म्हणून ते बदललं की शेकडो सभासदांचे फिल्टर एका रात्रीत निकामी होतात आणि सगळं इनबॉक्समध्ये सांडतं. मेलमन ३ मध्ये लिस्ट-आयडी लिस्ट तयार होताना ठरतो आणि नंतर तसाच राहतो. त्यामुळे स्थलांतरात खरा निर्णय लिस्ट तयार करण्याच्या क्षणी होतो. जुना आयडी सभासद.लिस्ट्स.एक्झाम्पल.ऑर्ग असेल तर नव्या सर्व्हरवरही आधी त्याच डोमेनमध्ये लिस्ट तयार करा आणि मगच इम्पोर्ट२१ (जुन्या लिस्टची माहिती आणणारी कमांड) चालवा. डोमेन बदलणं अटळच असेल तर सभासदांना आधी कळवा, आणि जुना पत्ता नव्या लिस्टच्या अ‍ॅक्सेप्टेबल एलियासेसमध्ये घाला. नाहीतर जुन्या पत्त्यावर लिहिलेली आणि पुढे ढकलली गेलेली पत्रं ‘इम्प्लिसिट डेस्टिनेशन’च्या (टू-सीसीत लिस्टचा पत्ता दिसत नाही, या) नावाखाली मॉडरेटरकडे साचत राहतात.

आता डीएनएस, म्हणजे स्पॅमच्या तक्रारीचा उरलेला भाग. मेल१.एक्झाम्पल.ऑर्गला ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद), त्या आयपीला उलटा पीटीआर रेकॉर्ड मेल१.एक्झाम्पल.ऑर्ग, आणि हेलोमध्येही तेच नाव. तिन्ही जुळले पाहिजेत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सगळ्याच पाठवणाऱ्यांसाठी सुलटं आणि उलटं डीएनएस बरोबर असण्याची अट घातली आहे, मग तुम्ही दिवसाला दहा मेल पाठवा की दहा हजार. पीटीआर तुमच्या डोमेनच्या झोनमध्ये लिहायचा नसतो. आयपी ज्याच्या मालकीचा त्याच्याकडे तो असतो. अमेझॉनवर इलॅस्टिक, म्हणजे कायम ठेवता येणाऱ्या, आयपीला तो कन्सोलमधून लावता येतो, पण ए रेकॉर्ड आधी असावा लागतो. पोर्ट २५ बाहेर जाण्यासाठी तिथे मुळात बंद असतं, ते उघडून मागावं लागतं. ऑफिसातल्या ब्रॉडबँडच्या स्टॅटिक आयपीवर सर्व्हर असेल तर पीटीआरसाठी इंटरनेट कंपनीला लिहावं लागतं, आणि हेल्पडेस्कवरचा माणूस दोनदा तरी ‘तुमच्या डोमेनवाल्याला सांगा’ म्हणून परत पाठवतो. तिसऱ्यांदा ‘रिव्हर्स डीएनएस डेलिगेशन’ हे शब्द वापरून नेटवर्क टीमकडे तिकीट टाकायला सांगा.

आयपीव्ही६ विसरू नका. मशीनला तो पत्ता असेल तर पोस्टफिक्स त्यावरूनही पाठवतो, आणि पीटीआर नसलेल्या आयपीव्ही६ वरून आलेला मेल गूगल सरळ नाकारतं. काही मेल जातात, काही नाकारले जातात, आणि त्यात काही नियम सापडत नाही, असं झालं की आधी इथे पाहा. त्याचा पीटीआर लावायची सोय नसेल तर इनेट_प्रोटोकॉल्स आयपीव्ही४ करून टाका.

लिस्ट्स.एक्झाम्पल.ऑर्गचा एमएक्स मेल१कडे. या नावाला सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) देऊ नका, कारण सीनेमसोबत त्याच नावावर एमएक्स किंवा टीएक्सटी (मजकुराची नोंद) राहू शकत नाही. वेबसाइट क्लाउडफ्लेअरच्या प्रॉक्सीमागे असेल तरी मेल१चं नाव प्रॉक्सीबाहेर ठेवा, पोर्ट २५ त्यातून जात नाही.

एसपीएफ, म्हणजे या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवरून येऊ शकतात ते सांगणारी डीएनएस नोंद, कुणावर लावायचा, यात हमखास गोंधळ होतो. तपासणी पाकिटावरच्या पाठवणाऱ्याची होते, आणि तो @लिस्ट्स.एक्झाम्पल.ऑर्ग आहे. मूळ डोमेनचा एसपीएफ सबडोमेनला वारशाने मिळत नाही. लिस्ट्सवर स्वतंत्र टीएक्सटी हवा. मेल१वरही एक हवा, कारण बाउन्सच्या सूचनांना पाकिटावर पाठवणारा नसतो आणि तेव्हा समोरचा सर्व्हर हेलोचं नाव तपासतो. हा दुसरा रेकॉर्ड फार कमी लोक लावतात.

डीमार्कचं, म्हणजे फ्रॉममधल्या डोमेनची खातरजमा करणाऱ्या नियमाचं, प्रकरण एप्रिल २०१४ पासूनचं. याहूने त्या महिन्यात आपल्या डोमेनवर ‘रिजेक्ट’ धोरण लावलं आणि जगभरच्या मेलिंग लिस्टवरचे याहूवाले लिहिते सभासद एकाएकी इतरांकडे बाउन्स व्हायला लागले. त्यावर मेलमनमध्ये ‘मंज फ्रॉम’ आहे: लिहिणाऱ्याच्या पत्त्याऐवजी फ्रॉममध्ये लिस्टचा पत्ता जातो आणि नावापुढे ‘व्हाया’ लागतं. होस्टनेमशी याचा संबंध असा की आता फ्रॉममधलं डोमेन तुमचं झालं. तेव्हा डीकिमची, म्हणजे मेलवरची डिजिटल, सही लिस्ट्स.एक्झाम्पल.ऑर्ग किंवा एक्झाम्पल.ऑर्गच्या नावाने हवी. मशीनच्या आतल्या नावाने किंवा होस्टिंगवाल्याच्या डोमेनने केलेली सही तपासणीत पास होते, पण डीमार्कला जुळत नाही.

काहींनी .भारत डोमेन घेतलेलं असतं आणि लिस्टही त्यावर हवी असते. हौस समजू शकतो. वेबसाइट खुशाल चालवा, पण हेलो, पीटीआर आणि लिस्टचं मेल डोमेन साध्या रोमन नावावर ठेवा. पोस्टफिक्स ३.० पासून देवनागरी पत्ते हाताळू शकतो, पण समोरच्या प्रत्येक सर्व्हरने ते स्वीकारायला हवेत, आणि लिस्टमध्ये एकही न स्वीकारणारा असला तर त्याची डिलिव्हरी गेली.

तपासताना लिस्टवर एक मेल टाकून समाधान मानू नका. चार प्रकारचे मेल पाठवून पाहा: लिस्टवरचं साधं पत्र, डायजेस्ट (अनेक पत्रं एकत्र बांधलेला मेल), नव्या खात्याची खातरजमा आणि मुद्दाम नसलेल्या पत्त्यावर पाठवून आलेला बाउन्स. चारही वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतात. रूटच्या क्रॉनचा एखादा रिपोर्टही बघा, मायओरिजिन त्यातच उघडं पडतं. पोस्टफिक्समध्ये काय लागू आहे ते ‘पोस्टकॉन्फ -एन’ दाखवतो. फाइल डोळ्यांनी वाचण्यापेक्षा ते विश्वासाचं, कारण एकच सेटिंग दोनदा लिहिलेलं असलं तर शेवटचं लागू होतं आणि तुम्ही वरचंच दुरुस्त करत बसलेले असता.

एवढं झाल्यावरही खालच्या रिसीव्ह्ड ओळीत कंसात ‘लोकलहोस्ट [१२७.०.०.१]’ राहील. ते चूक नाही. मेलमन आणि पोस्टफिक्स एकाच मशीनवर आहेत, एवढंच ते सांगतं, आणि त्यामुळे स्पॅमचा गुण वाढत नाही. हेडर_चेक्स लावून ती ओळ पुसून टाकण्याचे सल्ले मिळतील. पोस्टफिक्स मेल गोल-गोल फिरतोय का हे रिसीव्ह्डच्या ओळी मोजून ठरवतो, आणि उद्या कुणाचा मेल कुठे अडकला हे शोधायची वेळ आली की तुम्हाला हीच ओळ लागेल. ती राहू द्या.